उशाखालची सुरी

सोमवारी सकाळी बेंगळूरच्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडबाहेर बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती आणि प्रत्येकीच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं लोखंड होतं. कुणाची विळी, कुणाचा अडकित्ता, कुणाची नुसती कात्री. आत खंडोजी महाराज ते लोखंड लिंबानं घासायचे, तांब्याच्या घंगाळात बुडवायचे, काहीबाही पुटपुटायचे आणि बाहेर काढायचे. लोखंड लाल झालेलं असायचं. शेडभर हुंदके फुटायचे. साल १९९४. पलीकडच्या गल्लीत कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली होती आणि अलीकडं हे चाललं होतं.

रांगेत हेमलता होती. निपाणीची पोर, लग्न होऊन बेंगळूरला आली त्याला सात वर्षं झाली होती. तिचा चौदा महिन्यांचा अवधूत दोन महिन्यांपूर्वी तापानं गेला. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं बाळाच्या उशाखाली सुरी असायची, दृष्ट लागू नये म्हणून. त्या दिवशी दुपारी दुसरी सुरी सापडेना, म्हणून हेमलतानं ती काढून भोपळा चिरला आणि परत ठेवायची विसरली. दिवेलागणीला पोर तापलं, तिसऱ्या दिवशी गेलं. दवाखान्यातून रिकाम्या हातांनी ती घरी आली, तेव्हा शेजारणींनी पाळणा आवरून ठेवला होता आणि सुरी फळीवर होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

आणि महाराजांनी नेमकं तेच मागितलं होतं, गेलेल्याच्या उशाचं लोखंड. यांना कसं कळलं, या धास्तीनं तिनं सुरी फडक्यात आणखी घट्ट गुंडाळली. खरं तर महाराज प्रत्येकीकडं तेच मागत होते, पण भ्यालेल्या माणसाला शेजारचं ऐकू येत नाही.

"हे लेकराचं रक्त," लाल सुरी वर धरून महाराज म्हणाले. "जीव अडकलाय त्याचा. घरात दुसरं मूल आहे का?"

"मुलगी आहे. पाच वर्षांची."

"तिला ओढील तो. हे तीर्थ उद्या सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाज. उलट्या झाल्या तर भिऊ नको, बाधा बाहेर पडते. मात्र डॉक्टरची पायरी चढलीस तर पुढचं माझ्या हातात नाही."

सोय बघा कशी केलीये. पोरगी वाचली तर तीर्थानं, नाही वाचली तर डॉक्टरनं.

त्या रात्री हेमलतानं मुलीच्या, सिद्धीच्या अंगावरचा हात काढला नाही. पोरगी कुशीवर वळली तरी हिच्या काळजाचा ठोका चुकायचा. सकाळी तिनं तीर्थ स्टीलच्या पेल्यात ओतलं.

"आई, पाणी निळं आहे," सिद्धी म्हणाली.

"देवाचं आहे. डोळे मीट आणि पी."

पेला ओठांना लागणार, एवढ्यात तिचा नवरा रघुपती रात्रपाळीहून आला. कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होता तो, बोलणं कमी. त्यानं पेल्यात पाहिलं आणि बायकोचं मनगट धरलं.

"काय पाजतीयास तिला?"

हेमलता रडत रडत सगळं सांगत गेली. रघुपतीनं एक खिळा घेतला, लिंबानं घासला आणि पेल्यात धरला. बाहेर काढला तो लाल होऊनच.

"मोरचूद आहे हे. लोखंडावर मापाची रेघ मारायच्या आधी आम्ही रोज हेच पाणी फासतो. तांबं चढतं त्याच्यावर, म्हणून लाल दिसतं. तांब्याच्या घंगाळात निळं दिसत नाही, म्हणून ते घंगाळ. हे विष आहे, हेमा. पेलाभर प्याली असती तर..." त्यानं पेला मोरीत रिकामा केला.

हेमलतानं सिद्धीला जवळ ओढलं. "पण चूक माझीच ना? सुरी मी काढली होती. परत ठेवलीच नाही."

"मी ठेवली होती," रघुपती म्हणाला. "चार वाजता कामावरून आलो, चुलीपाशी दिसली, पुसून त्याच्या उशाखाली सरकवली. तेव्हा खेळत होता तो. ताप नंतर आला. सुरी होती, हेमा. सुरी असूनच ताप आला. मेंदूज्वर म्हणाले ना डॉक्टर? त्या वॉर्डात चार पोरं होती. चौघांच्या आयांनी काय सुऱ्या काढल्या होत्या?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा ती दोघं अवधूतचं नाव घेऊन रडली. सिद्धी मध्ये बसून दोघांचे डोळे पुसत होती.

पुढच्या सोमवारी हेमलता पुन्हा रांगेत उभी राहिली. भीती गेली नव्हती, खोटं कशाला सांगू. पण आज मागं रघुपती होता. तिनं महाराजांपुढं खिळा धरला.

"सकाळीच दुकानातून आणलाय. याच्यावर कुणाचं डोकं टेकलेलं नाही. बुडवा."

महाराज म्हणाले, "श्रद्धा नसेल तर..."

रांगेत शेजारी उभ्या असलेल्या पद्मावती अक्कानं तो खिळा हिसकून स्वतःच बुडवला. लाल झाला. हेमलतानं घंगाळातलं पाणी घरून आणलेल्या काचेच्या पेल्यात घेतलं, उजेडात धरलं. निळंशार.

"हे तुम्ही प्या, महाराज. पेलाभर. उलटी झाली तर बाधा बाहेर पडेल."

महाराजांनी पेल्याला हात लावला नाही. ते पाणी काय आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या एका बाईनं कडेवरच्या पोराच्या तोंडाशी नेलेली वाटी जमिनीवर उपडी केली. मग दुसरीनं.

ती सुरी आता भाजीच्या टोपलीत असते. हेमलताला अजून रडू येतं आणि येणारच, पोर गेलंय तिचं. पण सुरीकडं बघून आता ती दचकत नाही. सिद्धीचं अंग तापलं की सरळ डॉक्टरकडं नेते. दुःख ज्याचं त्याला भोगावं लागतं. त्यात भीती कालवून विकणाऱ्याला दारात उभं करू नका. आणि कुणी तीर्थ दिलंच, तर आधी काचेच्या पेल्यात ओतून बघा आणि पहिला घोट देणाऱ्यालाच घ्यायला सांगा.