अंग सैल सोड

"सैल सोड रे, अंग सैल सोड!" कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसलेले रामभाऊ वस्ताद ओरडले. मानेवर धर्मराजचा हात पडताच बाळाजीने अंग सोडून दिलं. तो तांबड्या मातीत उताणा पडला आणि धर्मराजचं सगळं धूड त्याच्या छातीवर आलं.

बेलवलीच्या तालमीत सगळे दांडगे. बाळाजी तेवढा काडी पैलवान. अंबरनाथच्या कारखान्यातून सुटला की थेट इथे यायचा. त्याच्या वजनाचं दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे ज्याला नवा डाव घोटवायचा असेल त्याला बाळाजी लागायचा. सुरुवातीला तो अडवून बघायचा. एकदा खांदा निखळला, तेव्हा वस्तादांनी समजावलं, मानेवर हात पडला की सैल सोडायचं, हाडं शाबूत राहतात. राहिली बिचारी, वर्षानुवर्षं राहिली.

"तुमी पैलवान हाव का गादी?" त्याची बायको विठा पाठीला तेल चोळताना विचारायची. बाळाजी हसायचा. पण आपल्या वजनाच्या माणसाशी एकदा तरी लढायचं आणि जिंकायचं, एवढी एकच हौस त्याला होती.

एक्क्याण्णव सालच्या जांभूळच्या जत्रेत तो योग आला. उल्हासनगरचा रघु नावाचा हलका गडी जोडीला मिळाला.

"वस्ताद, जत्रेपर्यंत मला माझी तयारी करू द्या," बाळाजीने हात जोडले.

"आन धर्मराजची मोठी कुस्ती? त्याला अंग कोन देनार? तुझ्याबिगर हाय कोन?"

जत्रेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बाळाजी धर्मराजच्या हातून पडत राहिला.

जत्रेत विठा बायकांच्या घोळक्यात पुढे येऊन उभी होती. सलामी झाली. बाळाजीने खाली वाकून रघुचा पाय ओढला आणि रघु चक्क हवेत उचलला गेला! एवढं हलकं माणूस बाळाजीच्या हाताला कधी लागलंच नव्हतं. आपल्यात इतकी ताकद आहे हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला हर्षाने रडूच फुटायचं बाकी राहिलं. विठा ओरडली, "घ्या त्याला!"

रघु घाबरला. तोल सावरायला त्याने मिळेल तिथे हात टाकला. तो पडला बाळाजीच्या मानेवर.

बाळाजीचं अंग सैल झालं.

तो आपला आपण उताणा पडला. रघु हातातून सुटून पायावर आला आणि बाजूला तसाच उभा, गोंधळलेला. लोक ओरडले तेव्हा कुठे तो बाळाजीवर पडला आणि पंचांनी शिट्टी फुंकली.

पुढे धर्मराजने मोठी कुस्ती मारली. त्याला खांद्यावर घेऊन माणसं नाचली. गर्दीतून वाट काढत धर्मराज बाळाजीपाशी आला. त्याने प्रेमाने त्याच्या मानेवर हात टाकला. "तुझ्यामुलं झाला गड्या. उद्या येतस ना?"

बाळाजीचे गुडघे वाकले. त्याने बाजूच्या मांडवाचा बांबू धरला आणि मान डोलावली.

घरी मोरीत तो दगडावर बसला. पाण्याचा तांब्या ओतून विठा त्याची मातीने भरलेली पाठ चोळू लागली. छातीला मातीचा कणही नव्हता.