हिरव्या दोऱ्याची चादर

माझ्या सासूबाई देवाशी बोलतात त्या चादरींच्या घड्या घालताना. चर्चमध्येही बोलतात, पण तिथं जरा जपून, पाहुण्याच्या घरी बोलावं तसं. लाँड्रीत मात्र सगळं घरच्यासारखं.

इस्पितळाची लाँड्री तळघरात आहे. एका भिंतीशी धुलाईची यंत्रं, समोर ड्रायर आणि मधे आमचं लांबलचक टेबल. ड्रायरमधून निघालेल्या चादरी ऊन ऊन असतात, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारख्या. घडीला दोघी लागतात. दोन टोकं एकीकडे, दोन दुसरीकडे. मागं सरून ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. टोकाला टोक भिडलं की क्षणभर हाताला हात लागतो. पुन्हा मागं, पुन्हा जवळ. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघींनी फेर धरलाय.

आणि त्या फेरात आईंची पुटपुट. मी सासूबाईंना आईच म्हणते.

कुठली चादर कुठल्या वॉर्डची ते कळावं म्हणून कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे टाके असतात. निळा म्हणजे बाळंतिणींचा. तो दिसला की आई म्हणायच्या, "प्रभो, या लेकीला सुखरूप मोकळी कर. बाळाला टाहो फोडू दे." हिरवा म्हणजे हाडं मोडलेल्यांचा. "बाबा रे, याला पायावर उभं कर. आपला आपण जिना चढू दे." पिवळ्या दोऱ्याच्या चादरी लहान मुलांच्या. त्या झटकतानासुद्धा आई हळू झटकायच्या, जणू कुणी अजून आत निजलंय.

"अहो पुटपुटबाई," इस्त्रीवरचे दादा ओरडायचे, "माझ्या गुडघ्याचं पण घाला की वरती कानावर!"

"तुझा गुडघा धड आहे, मेल्या. जीभ तेवढी लांबलीये. तिचंच सांगते!"

सगळे हसायचे, मीही हसायचे. पण आत कुठंतरी हेवा वाटायचा. डोळे मिटावे लागत नाहीत, हात जोडावे लागत नाहीत, हाक मारली की देव आहेच उभा. इतकी जवळीक माणसाला जमते कशी?

कारण माझी प्रार्थना बंद पडली होती. गेल्या वर्षी याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर, माझं बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. मग कितीतरी दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. घरी आल्यावर, रात्रीच्या जेवणानंतर प्रार्थनेची पाळी माझ्यावर आली की पाठ असलेले शब्द म्हणायचे. नवरा आमेन म्हणायचा, आई आमेन म्हणायच्या, आणि मला वाटायचं, मी कुलूप लावलेल्या घराचं दार वाजवून परत आले. कुणाला बोलले नाही. पुढं आईंची जोडीदारीण काम सोडून गेली, तेव्हा आई म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. दुसरं टोक धरायला माणूस हवंय." मी गेले. मनात होतं, यांच्या शेजारी उभं राहून थोडा उजेड अंगावर सांडला तर सांडला. नाहीतर प्रार्थनाही सोडायची आणि चर्चही. खोटं किती दिवस बोलायचं?

एका सकाळी फाटक्या चादरींचा गठ्ठा घेऊन मी शिलाईच्या खोलीत गेले. शिलाईवाली मावशी सुईत हिरवा दोरा ओवत होती.

"हाडांच्या वॉर्डचं काम निघालंय वाटतं?"

"हाडांच्या? अगं, हिरवा बाळंतिणींचा. हाडांना निळा. मागं वॉर्ड हलवले ना, तेव्हाच रंगांची अदलाबदल झाली. झाली की दोन-तीन वर्षं."

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"

"तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही रंग बघून गाड्यावर रचायच्या. गाडा कुठं न्यायचा ते ढकलणारा बघेल."

खरंच होतं ते. जिना उतरताना आधी मला हसू आलं. म्हणजे आई इतके दिवस पायाला प्लास्टर बांधलेल्या म्हाताऱ्यांसाठी सुखरूप बाळंतपण मागत होत्या! मग हसू तिथल्या तिथे आटलं. म्हणजे मी वर कळा सोसत होते, तेव्हा खाली माझ्या चादरीवर कुणाचे तरी पाय आणि जिने मागितले जात होते.

मी तशीच आईंसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या बोलण्याला धार होती आणि ती मी लपवली नाही. "आई, तुमच्या सगळ्या प्रार्थना चुकीच्या वॉर्डात गेल्या." आणि शिलाईवालीनं सांगितलं ते सगळं सांगून टाकलं.

आईंनी हातातली चादर छातीशी धरली. मला वाटलं, आता या कोसळणार. त्यांचे खांदे हलले, पुन्हा हलले, आणि मग त्या हसत सुटल्या.

"अगं बाई! त्या म्हाताऱ्यांना बाळंतपण! आणि पोटुशा पोरींना जिना!"

"तरीच," दादांनी इस्त्री बाजूला ठेवली, "परवा एक आजोबा पोट धरून ओरडत होते!"

आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पदरानं ते पुसता पुसता त्यांनी तिथल्या तिथे ओवी जुळवली. ती खोड त्यांची जुनीच.

एक टोक माझ्या हाती, दुजं सुनेच्या गं हाती
मधे कोण निजलेलं, ठावं देवा तुझ्या चित्ती

"झालं?" मी म्हटलं. "एवढंच?"

"मग काय करू? मी काय त्याला वाट दाखवायला बोलते? त्याच्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही, म्हणून बोलते."

"आणि माझी चादर? ती हिरवीच असणार. तिच्यावर काय मागितलंत? पायावर उभं कर, हेच ना?"

आईंचं हसू ओसरलं. "हो गं. इथं तेच मागितलं असणार."

"मला उठायचंच नव्हतं, आई. मला बाळ हवं होतं."

ड्रायर गरगरत राहिला. आईंनी हातातली चादर टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "माझंही नातवंड होतं ते. मी पुटपुटते ते सगळं गोडच असतं असं वाटतं तुला? त्या दिवसापासून भांडतेय मी त्याच्याशी. या गोंगाटात तुला ऐकू येत नाही, इतकंच."

"आणि तो काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. पण उठूनही जात नाही. मी कितीही ओढलं तरी त्याच्या बाजूची टोकं सुटत नाहीत." त्यांनी नवी चादर घेतली आणि दोन टोकं माझ्यापुढं धरली. "हे मला नको सांगूस. त्याला सांग."

मी टोकं धरली, मागं सरले. हात गुंतलेले होते, डोळे उघडे होते. पाठ असलेलं एक अक्षर आठवेना.

"कुठं होतास?" मी म्हटलं.

आईंनी चादर ताणून धरली.

"मी टोपडं शिवलं होतं. झबली धुऊन ठेवली होती. सगळ्यांची बाळं रडत होती, त्या मजल्यावर नुसता रडण्याचा कल्ला होता. माझंच तेवढं गप्प होतं. तू कुठं होतास?"

आवाज केव्हा चढला ते कळलं नाही. दादांनी हळूच पाठ फिरवली. मी चालत आईंकडे गेले, टोकाला टोक भिडलं, आणि आईंनी माझे हात सोडलेच नाहीत. मधे ती ऊन चादर.

उत्तर आलं नाही. पण समोर ऐकणारं कुणी असलं की गाणाऱ्या बाईचा सूर आपोआप वेगळा लागतो, हे जात्यावर, पाळण्याशी गायलेल्या कुठल्याही बाईला विचारा. माझा आवाज तसा लागला होता. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलत होते. तो त्या तळघरात होता, साबणाच्या वासात, वाफेत, आमच्या दोघींच्या मधल्या वीतभर जागेत. केव्हापासून होता, कोण जाणे.

आम्ही पुन्हा कामाला लागलो. पुढची चादर निघाली, तिच्या कोपऱ्यात हिरवे टाके. आईंचा हात पुढं आला आणि मधेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आज वरच्या मजल्यावर कुणीतरी हिच्यावर निजणार होती. तिचं बाळ कदाचित साऱ्या मजल्याला जागं करणार होतं. चादर तशीच गाड्यावर टाकून द्यावी असं वाटलं. मग मी तिची टोकं शोधली, दोन आईंना दिली आणि जोरात झटकली.

"हिचे हात," मी म्हटलं, "घरी जाताना रिकामे नसू देत."

चादरीच्या पलीकडे आईंचे ओठ मिटलेले होते. त्या ऐकत होत्या.