गरम पाण्यात

रक्ताचा डाग काढावा तर मावशीनेच, असं गल्लीत म्हणत. थंड पाणी, चिमूटभर मीठ, बोटाच्या पेराने हलकं चोळायचं. घाई नाही आणि गरम पाणी तर मुळीच नाही. बावीस वर्षं लॉन्ड्रीत मुरलेला हात तो. त्याच हाताने तिने शनिवारी भाचीचा ड्रेस धुतला.

भाची लॉजवर धुतलेल्या चादरी पोचवायला गेली होती. परत आली ती दारातच थिजली. चादरी बघून घेतो म्हणत मॅनेजरने तिला खोलीत बोलावलं होतं आणि आतून कडी लावली होती. पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं. नाकातून आलेलं रक्त ड्रेसच्या गळ्यावर सुकलं होतं.

पोरीचं काय करावं ते मावशीला सुचेना. कपड्याचं काय करायचं ते मात्र हातांना पाठ होतं.

"काढ आधी तो. अंघोळ कर. वाईट स्वप्न पडलं समज."

तिने ड्रेस उलटा केला, शिवणीशिवणीतून ब्रश फिरवला. वाळल्यावर वर इस्त्रीही केली.

सोमवारी सकाळी भाचीच म्हणाली, "मला दवाखान्यात जायचंय. तू येतेस की मी एकटी जाऊ?"

सिस्टर बाई बरी होती. प्रत्येक गोष्ट आधी पोरीला विचारून करत होती. "त्या दिवशीचे कपडे आणलेत?" तिने विचारलं. मावशीने घडी पुढे केली. सिस्टरने इस्त्रीची कडक घडी पाहिली.

"असू दे. धुतलेल्या कपड्यातही कधीकधी शिवणीत काहीतरी राहतं. पाठवू तपासायला."

"शिवणीत काही राहिलं नसेल," मावशी म्हणाली. स्वतःच्या कामाची लाज तिला जन्मात पहिल्यांदा वाटली.

परतीच्या वाटेत भाची तिच्याकडे न बघता म्हणाली, "तो पण म्हणाला होता, काही झालंच नाही समज." दुकानाच्या वळणावर ती पुन्हा बोलली. "माझं रक्त त्याच्या बाहीलाही लागलं होतं. आणि त्याचे कपडे येतात कुणाकडे?"

मावशी जवळजवळ पळतच दुकानात शिरली. लॉजचं गाठोडं कोपऱ्यात तसंच बांधलेलं होतं. मावशीचे यजमान, काका, इस्त्री करत होते.

"अहो, मॅनेजरचा शर्ट आलाय का?"

"धुतला."

"एवढ्या गाठोड्यातला तेवढाच?"

"वेगळा पाठवला होता. आजच पाहिजे म्हणाला." काकांनी मान वर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"अगं, अर्धं दुकान त्या लॉजवर चालतं. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का?"

"पोर बुडाली तरी चालेल, मासा रागावता कामा नये. असंच ना?"

शर्ट दोरीवर होता. तिने बाहीची पट्टी उलटली. आतल्या दुमडीत बोटभर तपकिरी रेघ तशीच होती.

"कसा धुतलात?"

"गरम पाण्यात. म्हटलं, लवकर निघेल."

रक्ताला गरम पाणी दाखवू नका, डाग कायमचा बसतो, हे तिने या माणसाला हजारदा सांगितलं होतं. एकदाही त्याने ऐकलं नव्हतं.

तिने कोरा कागद पसरला. पुरावा कागदात गुंडाळायचा, प्लॅस्टिक नको, असं सिस्टर म्हणाली होती. शर्टाकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि दारात उभ्या भाचीकडे वळली.

"सिस्टरकडे नेऊ का हा? तू म्हणशील तसं."

"आता विचारतेस?"

भाची आत आली. शर्टाला हात न लावता तिने कागदाचं टोक धरलं. "गुंडाळ," ती म्हणाली.

"आणि तो मागायला आला तर? काय सांगू त्याला?" काकांनी विचारलं.

"सांगा," मावशी कागदाच्या कडा दुमडत म्हणाली, "डाग निघाला नाही."