दादाने तारा बदलल्या तेव्हा

मी एक जुनी, खर्जात घुमणारी बेस गिटार आहे. साध्या गिटारीला सहा तारा असतात, मला चारच. पण त्या इतक्या जाड, की बोटं दुखून नवख्याला दुसऱ्या दिवशी चमचासुद्धा धरवत नाही. मला घडवणारा कारागीर लाकूड तासताना मध्येच टिचकी मारून कान लावायचा. दुकानात मात्र मी बराच काळ भिंतीवर लटकून राहिले. गिऱ्हाइकं म्हणायची, "हिचा आवाज ऐकू तरी येतो का?" मला भारी राग यायचा. मी नसले की गाणं लंगडं पडतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं!

मग चिमी आली. उंचीने जेमतेम माझ्याएवढी. तिने माझी एकच तार छेडली, आवाज विरेपर्यंत ऐकली आणि मला घरी नेलं. तिचा थोरला भाऊ ड्रम वाजवायचा. दोघं मिळून फंक वाजवायची. फंक म्हणजे ज्यावर पाय आपोआप हलू लागतात ते संगीत. त्यात सुराइतकाच दोन सुरांमधला थांबा महत्त्वाचा. म्हणून चिमी माझ्या तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा सरकवायची, म्हणजे सूर उगाच घुमत बसत नसे. कधी बादलीवरची थाप, कधी दार आपटल्याचा आवाज ती गाण्यात घालायची. आई ओरडायची, "दार मोडलंस तर तूच उभी राहा तिथं!" पुढे दोघं हॉटेलात वाजवू लागली, तेव्हा लोक ओळखीची गाणी मागत आणि हिची स्वतःची गाणी सुरू झाली की मान खाली घालून जेवत. तरी ही बया हटली नाही.

मित्रांनो, माझ्या तारा तिने कधीच बदलल्या नव्हत्या. तिच्या बोटांचा घाम मुरून त्यांचा आवाज बसका, मऊ झाला होता. तोच तर तिला हवा होता.

अखेर गाणी काढणाऱ्या एका कंपनीने तिचं एक गाणं मुद्रित करायला तिला स्टुडिओत एक दिवस दिला. तिला जमलं तर गाणं तिचं. नाही तर तेच गाणं कंपनीचे वादक त्यांच्या पद्धतीने वाजवणार, असं ठरलं. आदल्या दिवशी दादाने मोठ्या प्रेमाने मला पुसलं आणि कोऱ्या तारा चढवल्या. जुन्या तारा कचऱ्याच्या गाडीत गेल्या.

स्टुडिओत चिमीने पहिला सूर काढला आणि मी थाळी पडल्यासारखी खणखणले.

"दादा, काय केलंस रे हे?"

"अगं, मोठा दिवस... म्हटलं, जरा नीटनेटकी दिसू दे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही रडावंसं वाटलं, पण तेव्हा मी रडले असते तरी खणखणाटच झाला असता.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "आमचा वादक बोलावू का?"

चिमीने डोळे पुसले. "नको. खणखणतेय ना? खणखणू दे."

तिने स्पंज भिरकावला. अंगठ्याने ती माझ्या तारा ठोकू लागली, बोटाने ओढून सोडू लागली. "दादा, तू कमी वाजव. मला जागा ठेव." चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अंगठ्याला फोड आला, त्यावर पट्टी चिकटवून ती परत बसली. संध्याकाळपर्यंत ध्वनिमुद्रकाचा पाय टेबलाखाली ताल धरू लागला होता. गाणं तिचंच राहिलं. दादा मात्र ड्रमच्या मागे तोंड लपवून रडला.

पुढे त्या खणखणाटाची नक्कल करायला कितीतरी वादक धडपडले. चिमी तोवर पुढे निघून गेली होती. ती संगणकावर नवे आवाज शोधू लागली आणि मी कपाटावर गेले. ओल लागून माझी मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, जरा वाकली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण रुसून बसायचं नाही, हे मी तिच्याकडूनच शिकले.

मित्रांनो, वाद्यांना ऊन, ओल आणि धूळ यांपासून जपा. पण एखाद्या वाद्याचं काही बदलण्याआधी, ते जो रोज वाजवतो त्याला विचारा. आणि नुसतं जपून ठेवू नका हो. कपाटावर मी सुखरूप आहे, पण मुकी आहे. कोणीतरी मला खाली काढा. बोटं दुखतील, दुखू देत. मला अजून वाजायचंय.