मैदानाच्या कोपऱ्यातली शेगडी

टण्!

मी ऐकलेला हा पहिला आवाज. हातोडीचा नव्हे, चिमट्याचा. एका माणसाने वाकून माझ्या काठावर लांब लोखंडी चिमटा एकदाच वाजवला, कान तिरका केला आणि तो आवाज विरेपर्यंत तसाच उभा राहिला. मग वेल्डरला म्हणाला, "तडा नाही कुठे. पाय जोडा हिला."

त्या क्षणी माझा जन्म झाला असं मी धरते.

मी शेगडी बोलतेय. चहाचं आधण ठेवायची चिमुकली वस्तू डोळ्यांसमोर आली असेल, तर ती मी नव्हे. मी चांगली हातभर रुंद आणि दोन हात लांब. त्याआधी मी गोडेतेलाचं पिंप होते. तेल संपलं, मला आडवं पाडून उभं चिरलं, एका अर्ध्याची झाले मी आणि दुसऱ्या अर्ध्याचं झालं माझं झाकण. म्हणजे माझं झाकण ही माझी सख्खी बहीणच. पोटात कोळसे, वर जाळी आणि जाळीवर बटाटे. दुसरं काही कुणी कधी ठेवलं नाही आणि मीही मागितलं नाही.

मला ठोकून ऐकणारा तो माणूस म्हणजे आबा. आयुष्यभर एका कारखान्याच्या खानावळीत आचारी होते. निवृत्त झाल्यावर दर रविवारी मला हातगाडीवर घालून गावच्या मैदानात न्यायला लागले. तिथे फुटबॉलचे सामने व्हायचे. मध्यंतराची शिट्टी झाली की अख्खं मैदान माझ्याकडे धावायचं. काय सांगू तुम्हाला! चेंडूमागे पळायचे नाहीत इतके ते बटाट्यांमागे पळायचे. गोलकीपर तर शिट्टीच्या आधीच अर्ध्या वाटेवर असायचा.

आबांची रीत ठरलेली. बटाटे आदल्या दिवशी सालीसकट अर्धेकच्चे उकडायचे, उभे चिरायचे, तेल, मीठ आणि ठेचलेला लसूण चोळून ठेवायचे. कोळसे माझ्या पोटात एकाच बाजूला रचायचे, दुसरी बाजू मोकळी. फोडी आधी निखाऱ्यावर, तोंड तांबूस होईपर्यंत. मग त्या मोकळ्या बाजूला सरकवायच्या, झाकण घालायचं आणि स्टुलावर बसायचं.

"आता काय करायचं, आबा?" कुणी नवखा विचारायचा.

"काही नाही. गप्प बसायचं. बटाट्याचं अर्धं काम गप्प बसण्यात आहे."

बटाटे झाले की चिमटा माझ्या काठावर वाजायचा. टण्! एकदाच. तो चिमटा आबा कुणाच्या हाती देत नसत. कमरेच्या पट्ट्याला कायम अडकवलेला.

आबांची एक सवय तुम्हाला सांगून ठेवते. ते कधी कशाला चांगलं म्हणायचे नाहीत. खोट दिसली की बोलायचे आणि नेमकी ती खोटच बोलायचे. दिसली नाही तर उठून चालू लागायचे. त्यांच्या मुलाने, जो पुढे रंगारी झाला, पहिल्यांदा घर रंगवलं, तेव्हा मी मागच्या अंगणात उभी होते. आबांनी चारही भिंती जवळ जाऊन पाहिल्या आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले. पोरगा काय नाचला स्वयंपाकघरात! खिडकीतून मला त्याचे नुसते हात वर-खाली होताना दिसत होते.

मग आबांचे गुडघे बोलू लागले. दोन तास उभं राहणं होईना. दोन महिने मी अंगणात ताडपत्रीखाली पडून होते. पोटात जुनी राख, राखेत मुंग्या. झाकणाला आतून गंज धरला. कुणी येऊन त्यावर ओले मोजे वाळत घालायचं. इतकी वर्षं मैदान गाजवलं आणि शेवटी मोजे! पण बोलायचं कुणाला?

बोलली ती सूनबाई. रंगाऱ्याची बायको. अकरा वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. तिचा मार्गच बंद झाला आणि ती घरी बसली. घरी बसणं म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं. भाजी निवडतानाही बस सुटत असल्यासारखे पाय हलायचे.

"आबा, शेगडी मी चालवते," ती एक दिवस म्हणाली.

आबांनी तिला अंगणात करून दाखवायला सांगितलं. पहिल्या रविवारी आबा म्हणाले, "आतून कच्चे." दुसऱ्या रविवारी, "बाहेरून कोळसा." तिसऱ्या रविवारी दोन्ही म्हणाले. ती सारखी झाकण उघडायची, सारख्या फोडी उलटायची.

"पोरी, तुझ्या हाताला बस सुटायची घाई आहे," आबा म्हणाले. "येत्या रविवारी मैदानावर उभी राहा. मी स्टुलावर बसेन. जमलं तर शेगडी तुझी. नाही तर भंगारवाला सोमवारी येतोच आहे गल्लीत. गंजत पडलेली नाही बघवत मला."

ऐकलंत? माझ्यासमोर बोलले. सूनबाईचा चेहरा उतरला. तिचं कामच नव्हे, तिचा दिवस कसा जाणार हेच त्या रविवारावर ठरणार होतं. आणि माझं काय ठरणार होतं ते तर उघडच होतं.

शनिवारी दुपारी रंगारी घरी आला, हातात चंदेरी ऑइलपेंटचा उरलेला डबा. कुणाच्या तरी फाटकाचं काम झालं होतं. बायकोचा उद्या मोठा दिवस, म्हणून त्याने मला घासलं, पुसलं आणि बाहेरून रंग लावला. झाकणाला तर आतून-बाहेरून दोन-दोन हात मारले. खरं सांगते, मी हुरळून गेले. या वयात चंदेरी! रात्रभर मी वाळत उभी होते आणि मनातल्या मनात मैदानात शिरत होते.

"अगं बाई, नवरीच दिसतेय!" सकाळी सूनबाई म्हणाली. रंगारी लाजला.

मैदान भरलं होतं. कोळसे फुलले. आबा मागाहून काठी टेकत आले आणि स्टुलावर बसले. सूनबाईने पहिल्या पातेल्यातल्या फोडी जाळीवर लावल्या. चर्रर्र! काय तो आवाज! इतक्या दिवसांनी मी पुन्हा मैदानावर तापले होते. फोडी तांबूस झाल्या, तिने त्या सरकवल्या, झाकण घातलं. सगळं आबांच्या रीतीप्रमाणे. माझा आनंद पोटात मावेना.

आणि मग माझ्या बहिणीच्या पोटावरचा रंग फुगला. त्याला बुडबुडे आले, फुटले आणि चंदेरी पापुद्रे बटाट्यांवर गळू लागले.

"वास येतोय," आबा म्हणाले.

सूनबाईने झाकण उचललं. सगळ्यांच्या नाकात तिखट धूर गेला. तिने एक फोड तोंडात घातली आणि गवतात थुंकली.

"अहो, झाकणाला आतून रंग लावलात?"

"गंजलं होतं ना गं. जाळीला नाही लावला, पोटात नाही लावला, एवढं कळतं मला. झाकण कुठे बटाट्याला लागतंय?"

तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली. गोलकीपर सर्वांत पुढे, मागे सगळं मैदान.

"पापुद्रे पडलेल्या फोडी काढून टाक," रंगारी कुजबुजला. "बाकीच्यांवर लिंबू पिळ, मिरपूड मार. भुकेल्यांना काय कळतंय!"

सूनबाईने आबांकडे पाहिलं. आबा रिकाम्या मैदानाकडे बघत होते. तिने उलथनं उचललं आणि सगळ्याच्या सगळ्या फोडी कचऱ्याच्या बादलीत लोटल्या. अर्धं मैदान हळहळलं. झाकण तिने लांब गवतात फेकलं. माझ्या बहिणीसाठी मला वाईट वाटलं, पण खरं तर तिचा दोष नव्हता आणि रंगाऱ्याचाही नव्हता. माया नको तिथेही रंग लावते.

"आता?" रंगाऱ्याने विचारलं.

"तुमची खरवडायची पट्टी आणा. हिच्या अंगावरचा रंग काढा आधी. तोवर मी जाळ करते."

कोळशांचा ढीग पेटला. रंगारी फुंकर मारत, बोटं झटकत माझी कालचीच चंदेरी साडी ओरबाडून काढत होता. चटके त्याला बसत होते आणि लाज मला वाटत होती.

"वहिनी, बटाटे शेतातून यायचेत का अजून?" कुणीतरी ओरडलं.

"आलेत, पण उभे आहेत. बसायला जागा नाही!" सूनबाई म्हणाली. "मागे सरका, दाराशी गर्दी नको. सामना बघून या, शेवटच्या थांब्यावर सगळ्यांना मिळतील. मागचे, तुम्हीसुद्धा!"

माणसं हसली आणि खरंच मागे सरकली. अकरा वर्षं भरल्या बसमध्ये तिने हेच तर केलं होतं.

मध्यंतर संपलं. गिऱ्हाईक गेलं. रंगारी म्हणाला, "आता टाक, वास गेला." तिने माझ्यावर वाकून हुंगलं आणि मान हलवली. पुन्हा थोड्या वेळाने हुंगलं. पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा मात्र ती सरळ झाली आणि दुसरं पातेलं उघडलं. शेवटचं.

आता झाकण नव्हतं. मोकळ्या बाजूवर उघड्या फोडी शिजवायच्या म्हणजे दुप्पट वेळ. तिचा हात उलथन्याकडे गेला, मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे आला. मग तिने काय करावं? माझ्यासमोर गवतात बसली आणि दोन्ही तळहात मांडीखाली दाबून घेतले! तिकडे गोल झाला, आरडाओरड झाली, तिने मान वळवली नाही. मीही माझ्या परीने जपून होते. एकही निखारा तडकू दिला नाही. आबा आता सामन्याकडे बघत नव्हते, तिच्या हातांकडे बघत होते.

सामना संपला. सूनबाई उठली आणि उलथन्याने माझ्या काठावर वाजवलं. टण् टण्! दोनदा. कंडक्टरची डबल बेल. सगळं मैदान माझ्यावर चालून आलं. हरलेलेसुद्धा. गोलकीपरने तीन गोल खाल्ले होते, वर दोन कागद भरून बटाटे खाल्ले. साल कुरकुरीत, आत लोणी. मी तोंडाने सांगत नाही, रिकामं पातेलं सांगत होतं.

तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणी पडली असेल. तिच्यावर मोजे वाळत घालू नका. तिच्या पोटातली राख काढा, जाळी घासा आणि हात जोडून सांगते, रंग लावू नका. नटणं आमच्या नशिबात नाही. आम्हाला फक्त तापवा.

आबांसाठी सूनबाईने दोन फोडी कागदावर काढून ठेवल्या होत्या. तिने त्या पुढे केल्या. रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. मलाही मिटावेसे वाटले.

आबांनी पहिली फोड मोडून आत पाहिलं. खाल्ली. दुसरीची साल नखाने उचलून पाहिली. तीही खाल्ली.

"मीठ?" सूनबाईने विचारलं.

आबांनी रुमालाने एकेक बोट पुसलं. स्टुलावरून उठले. कमरेचा चिमटा सोडवला, माझ्या काठावर एकदाच वाजवला, टण्, आणि कान तिरका करून तो आवाज विरेपर्यंत उभे राहिले. मग चिमटा माझ्या मुठीला अडकवला, काठी घेतली आणि एक शब्द न बोलता फाटकाकडे चालू लागले.