गेल्या खेपेची यादी

"मी पाच शब्द सांगणार आहे. नीट ऐका हं," पडद्याच्या पलीकडून चाचणीच्या बाई म्हणाल्या. "थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारीन."

पडद्याच्या अलीकडे स्टीलच्या खुर्चीवर काटेवाले सावरून बसले. कंदील, हात, गाजर, पूल, निळा. त्यांनी एकदा मनातल्या मनात म्हणून घेतलं. पलीकडे बसलेल्या बायकोला हे पाच शब्द झोपेतसुद्धा सांगता आले असते. सहा महिने रोज संध्याकाळी त्यांनी ते घोटून घेतले होते.

"चावी," बाई म्हणाल्या. "नदी. कापूस. खांदा. पिवळा."

यादी दुसरीच होती.

चाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. खरं नाव आता फक्त दारावरच्या पाटीवर उरलं होतं, आणि तीही कोणी वाचत नसे. बायकोला विसरण्याचा आजार जडून चार वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी या इस्पितळात एका नव्या औषधाचं संशोधन सुरू झालं आणि तिचं नाव त्यात लागलं. महिन्यातून एकदा सुई. निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय ते सुई टोचणाऱ्या नर्सलाही ठाऊक नाही. काटेवाल्यांना ही पद्धत फार पसंत पडली होती. एका पारड्यात औषध, दुसऱ्यात पाणी, आणि तोलणाऱ्यानं डोळे मिटून तोलायचं. सचोटीचं काम, असं ते सुरुवातीला शेजाऱ्यांना मोठ्या कौतुकानं सांगत.

दर सहा महिन्यांनी स्मरणाची चाचणी असे. तिसापैकी बाराच्या खाली गुण गेले की सुई बंद आणि नाव कमी. गेल्या खेपेला तिला तेरा पडले होते. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर जागा नव्हती म्हणून कोणीतरी त्यांना पडद्याआड खुर्ची दिली, आणि कान काही मिटून घेता येत नाहीत. पाच शब्द कानावर पडले. बसमधून घरी येईपर्यंत ते पाठही झाले. यादी पुढच्या वेळी दुसरी असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. त्यांच्या धंद्यात किलोचं वजन काल एक आणि आज वेगळं, असं कधी होत नसतं.

मग रोज सहा वाजता शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचं. बोटानं टेबलावर ठेका धरायचा आणि ठेक्यावर एकेक शब्द. पहिला महिनाभर डाळ शिजेना. एकदा तर गाजर आलं की ती उठून स्वयंपाकघरातच जाई. पण हळूहळू जमलं. आणि ते जमता जमता ती त्यांना मास्तर म्हणायला लागली.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काटेवाल्यांना हसू आलं. तिलाही थट्टा सुचते अजून, असं वाटलं. ती थट्टा नव्हती. शिकवणी संपली की ती घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "या आता, मास्तर. हे यायची वेळ झाली."

वाद घालून काही उपयोग नसे. तिच्या डोळ्यांत भीती दाटायची. शेवटी ते गॅस नीट बंद करायचे, चपला पायांत सरकवायचे आणि बाहेर जिन्याच्या वळणावर जाऊन उभे राहायचे. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे दिसत. दहा मिनिटं झाली की परत येऊन बेल वाजवायची. ती दार उघडायची, त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "आलात? किती उशीर."

दिवसभरात तेवढंच एक 'आलात' त्यांच्या वाट्याला येई. बाकीचा दिवस घरात दोन माणसं असून बोलायला कोणी नसे. मुलगी दूरच्या देशात. तिला फोनवर सगळं ठीक आहे असं सांगायचं, हे दोघांनी केव्हाच ठरवलं होतं. आता ते ठरलेलं लक्षात ठेवणारे एकटे काटेवाले होते. त्या सुईनं काही होत असेल तर एवढंच होत असेल, की दिवसातून एकदा तिला दारात नवरा दिसतो. सुई बंद झाली तर तेही जाईल, या एका धास्तीनं त्यांनी शिकवणी चालू ठेवली होती.

पडद्यापलीकडे बाईंनी घड्याळ काढायला सांगितलं. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. त्र्याण्णवला गाडी अडली ती अडलीच. काटेवाल्यांनी गुडघे घट्ट धरून ठेवले. नदी म्हण, ते मनात म्हणत होते. एवढी एकदा नदी म्हण.

"आता मघाचे पाच शब्द सांगता?" बाई म्हणाल्या.

पलीकडे टेबलावर बोटाचा ठेका ऐकू आला. त्यांचाच ठेका.

"कंदील," बायको म्हणाली. "हात. गाजर. पूल. निळा."

एकही अडखळ नाही. सहा महिन्यांत इतकं स्वच्छ तिनं कधीच म्हटलं नव्हतं. काटेवाल्यांना एकाच वेळी अभिमान वाटला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बराच वेळ कागदांचा आवाज येत राहिला. मग बाई पडदा सारून अलीकडे आल्या आणि मागे तो नीट ओढून घेतला. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवून तोच शोधणाऱ्या बाई. त्यांच्या हातात दोन कागद होते.

"आजचा एकही शब्द नाही आला त्यांना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "गुण आठच होतायत. पण काका, त्यांनी गेल्या खेपेची यादी सांगितली. मी कागद काढून बघितला. सहा महिन्यांपूर्वीची यादी, अगदी त्याच क्रमानं. माझ्या एवढ्या वर्षांत असं मी पाहिलं नाही."

काटेवाल्यांनी ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं.

"मी मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घालते. गुण कमी असले तरी अशा पेशंटला ते सोडायचे नाहीत. वेगळी तपासणी लावतील, सुई चालू ठेवतील. कोणी सांगावं, औषध लागूही पडत असेल." बाईंचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी कागद पालटला. "इथं एक रकाना आहे तेवढा भरून घेते. विचारावं लागतं म्हणून विचारते हं. घरी उजळणी वगैरे घेत नव्हता ना?"

नाही म्हणायला काही लागत नव्हतं. बाईंनीच 'ना' जोडून दिला होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

पण काटेवाल्यांना भलतंच आठवलं. पंचवीस वर्षांपूर्वी एका लहानशा दवाखान्यात ते बाळांचा काटा तपासायला गेले होते. काटा दीडशे ग्रॅम जास्त दाखवत होता. त्यांनी दहा मिनिटांत स्प्रिंग बदलली आणि चिठ्ठी लिहायला घेतली, तर तिथली नर्स भिंतीशी टेकून उभी. ती म्हणाली, "वर्षभर मी आयांना सांगतेय, बाळ छान भरतंय, काळजी नको." तिला त्यातली एकेक आई आठवत होती. काटेवाल्यांनी तिला पाणी दिलं होतं आणि दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "मी घेत होतो."

"काय?"

"उजळणी. रोज संध्याकाळी. गेल्या वेळी इथंच बसून ऐकले शब्द. मला वाटलं, यादी एकच असते."

बाईंनी चष्मा डोक्यावरून काढला आणि नुसताच हातात धरला. "अहो काका," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर काटेवाल्यांना सोपं गेलं असतं.

"ते आठवणं तिचं नाही. ते माझं आहे," ते म्हणाले. "तुम्ही ते औषधाच्या नाही तर पाण्याच्या, कुठल्या तरी पारड्यात टाकाल. मग बाकीच्यांचं वजन चुकेल."

"मी आता हे लिहिलं तर पुढच्या महिन्यापासून सुई नाही."

"लिहा."

बाईंनी लिहिलं. मग म्हणाल्या, "माझ्याकडे पाच वर्षांत दोनशे माणसं आली. एवढ्या प्रेमानं खोटेपणा कोणी केला नव्हता."

"तिला काय मिळत होतं?" काटेवाल्यांनी विचारलं. "औषध की पाणी?"

"ते आणखी दोन वर्षं कोणालाच कळायचं नाही. मलाही नाही."

"बरोबर आहे," काटेवाले म्हणाले. "कळताच कामा नये."

घरी आल्यावर त्यांनी चहा केला. बायकोनं चहात बुडवून दोन टोस्ट खाल्ले आणि मग कप उचलून त्याच्याखाली बराच वेळ काहीतरी शोधलं. सहा वाजले तेव्हा काटेवाले खुर्चीवरून उठले नाहीत. आता उजळणी कशासाठी घ्यायची? पण ती आपली जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली, हाताची घडी घालून.

"मास्तर, आज शिकवायचं नाही?"

"परीक्षा झाली की आज."

"हो का? पास झाले मी?"

"सगळेच्या सगळे आले तुम्हाला. बाई खूश झाल्या."

ती हसली. मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे आता तुम्ही येणार नाही."

या घरात आपली कोणीतरी वाट बघतं, निदान मास्तरांची तरी बघतं, हे काटेवाल्यांना आजवर कळलंच नव्हतं. ते तिच्यासमोर जाऊन बसले आणि टेबलावर बोट टेकवलं.

"येणार ना. रोज येणार. म्हणा बघू."

"कंदील. हात. गाजर. पूल. निळा."

"शाब्बास. पुन्हा."

तिनं पुन्हा म्हटलं. आता त्यात गुणांचं काही राहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांनीही तिच्याबरोबर म्हटलं. दोघांच्या बोटांचा ठेका एकच पडत होता. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"या आता. हे यायची वेळ झाली."

काटेवाल्यांनी गॅस बघितला, चपला घातल्या आणि ते जिन्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. समोरच्या गच्चीवरचे कपडे कोणीतरी घाईनं गोळा करत होतं. दहा मिनिटं त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून पुरी केली, एक मिनिटही कमी नाही. मग वर येऊन बेल वाजवली.

ती दारात आली. त्यांच्या तोंडाकडे तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

"मास्तर?" ती म्हणाली. "काही राहिलं का?"

काटेवाल्यांनी जिन्यातल्या खिडकीकडे पाहिलं. "छत्री," ते कसंबसं म्हणाले. "पाऊस लागलाय."

"थांबा हं." ती आत गेली आणि दारामागच्या खुंटीवरची काळी छत्री घेऊन आली. छत्रीची मूठ निखळली होती तेव्हा त्यांनीच ती तारेनं बांधली होती. "ही न्या. ह्यांची आहे. उद्या आणून दिलीत की झालं."

"त्यांना चालेल का?"

"न चालायला काय झालं? हे काही म्हणायचे नाहीत. फार सरळ माणूस आहे." ती उंबऱ्याशी जरा पुढे आली आणि घरातली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "काट्यात गुंजेचा फरक खपत नाही त्यांना. तुमची गाठ पडायला हवी होती. आज कुठं अडकलेत कोण जाणे."

"येतील," काटेवाले म्हणाले.

"हो, येतील. त्यांना उशीर होतो, पण येतात."

दार लागलं. काटेवाल्यांच्या खिशात किल्ली होती. ते छत्री मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि त्यांनी घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं झाली की पुन्हा एकदा बेल वाजवून बघायची होती.