दामिनीच्या उडीखालची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. लगेच नाक मुरडू नका. माझ्या अंगाला जरा कुबट वास येतो, हे मला ठाऊक आहे. एका कोपऱ्यात उंदराने पराक्रम गाजवला, तिथे ठिगळ लावलेले आहे, तेही मी लपवत नाही. पण पडद्यावरच्या ज्या मारामारीला आमच्या गावाने टाळ्या वाजवल्या, तिच्यातली शेवटची उडी मी झेलली आहे. ती उडी खरी होती. म्हणून म्हणते, घटकाभर बसा आणि माझी हकीकत ऐका.

माझा जन्म आदिलाबाद भागातल्या वांकिडीकडचा. तुळजाबाईंच्या वडिलांच्या शेतातला कापूस, त्यातली सरकी काढून केलेली रुई आणि अंगणात बसून ती पिंजणारा पिंजारी, एवढ्यांनी मिळून मला घडवले. तुळजाबाईंच्या लग्नासाठी मला भरले होते. आमच्या भागात मुलीची गादी म्हणजे बापाची अब्रू. मांडवात आलेल्या बायका तिच्यात बोट दाबून बघतात. बोट रुतले नाही, तर बापाने हात सैल सोडला म्हणून वाहवा होते. शेवटची मूठ आईने घालायची असते आणि एकदा भरलेल्या गादीत पुढे भर घालावी, त्यातून काही काढू मात्र नये. काढले तर लेकीच्या वाट्याचे काढले, असे समजतात.

माझ्यात कुणाचेही बोट रुतले नाही. मांडवात माझे केवढे कौतुक झाले! मी फुगून गेले. तशीही मी फुगलेलीच होते. पण खरे सांगू का? माझ्यावर झोपणाऱ्याची पाठ धरायची. नवरदेव भगवंतराव थोड्याच दिवसांत गुपचूप खाली चटई टाकून झोपू लागले. सासऱ्यांच्या गादीला नाव कसे ठेवणार?

भीमपूरच्या बाजूच्या एका गावात भगवंतरावांचे किराणा दुकान आहे. दुकान नावाला त्यांचे, चालवतात तुळजाबाई. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. कुणी रांग मोडून पुढे घुसला किंवा दारू पिऊन हुज्जत घालू लागला, की त्या तराजू खाली ठेवायच्या आणि त्याच्याकडे नुसत्या बघायच्या. तो गडी मुकाट्याने मागे जाऊन उभा राहायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग दामिनी झाली. चालायला लागल्यापासून ती माझ्यावर नाचली, तिने कोलांट्या मारल्या आणि मोठी झाल्यावर कबड्डीची झेप माझ्यावरच शिकली. माझा ताठा तिने पुरता उतरवला. आतली रुई सुटी झाली, सरकली आणि मी सैल पडले. पाहुणे आले की तुळजाबाई मला लपवायच्या, कारण बोटच काय, अख्खी मूठ आत जाऊ लागली होती. शेवटी मला गुंडाळून माळ्यावर टाकले. तिथे जुन्या पत्र्यांच्या शेजारी मी बरीच वर्षे पडून होते आणि आपले दिवस भरले असेच धरून चालले होते.

मला खाली काढले ते सिनेमाने. आदिलाबादच्या भाजीवाल्यांची मुलगी रंजीता हैदराबादेत सिनेमाचे काम शिकून आली होती. तिला आपल्या बोलीत एक मारामारीचा सिनेमा करायचा होता. त्याची नायिका जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे, आवार सांभाळणारी बाई. कबड्डीच्या मैदानावर तिने दामिनीला पाहिले आणि थेट दुकानात येऊन भगवंतरावांकडे तिला नायिका म्हणून मागितले. तिचे म्हणणे होते, आपल्या सिनेमात तारा बांधून कुणी उडणार नाही. ठोसा बसला की बसलेला दिसेल. माणूस दमेल, धापा टाकेल, पडला की उठायला वेळ घेईल. आणि नायिका ओरडणार नाही, तरी लोक तिचे ऐकतील.

भगवंतराव हो म्हणाले. तुळजाबाई मात्र हो म्हणाल्या नाहीत; त्या पाठ फिरवून तराजू पुसत राहिल्या.

मारामारी बसवायला मंचेरियलचे भारत मास्टर आले. त्यांनी निम्मे आयुष्य हैदराबादेत नायकांच्या हातचा मार खाऊन काढले होते, आणि त्यांची कंबर त्याची रोज आठवण करून द्यायची. सिनेमाच्या शेवटी दामिनीला कापसाच्या लॉरीवरून खाली पाठीवर पडायचे होते. मास्टरांनी आधीच अट घातली, की तालमीत पोरगी नीट पडली तर ठीक. नाही तर तिचे कपडे आणि केसांचा टोप घालून त्यांच्या हाताखालचा हर्षदीप उडी मारेल. रंजीताने ती अट मान्य केली. कुणाची मान मोडून तिला सिनेमा नको होता.

दामिनीला मात्र ते मनोमन खटकले. पडणार तो आणि उठणार मी, तर माझ्या उठण्यावर कोण विश्वास ठेवील, असे तिने रंजीताला विचारले. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरे काही राहिले नाही. ती उडी तिची स्वतःची व्हायला हवी होती.

तालमीसाठी मास्टरांनी घरातल्या गाद्या पाहिल्या. नवी कोरी गादी त्यांनी बाजूला सारली. माळ्यावरून मला उतरवले, माझ्यात मूठ दाबली, ती खोल गेली, आणि ते म्हणाले, हीच हवी. मित्रांनो, ज्या ढिलेपणासाठी मला माळ्यावर टाकले होते, त्याच ढिलेपणासाठी कुणीतरी मला निवडले. त्या दिवशी मला किती बरे वाटले, ते सांगता येणार नाही.

मग रोज सकाळी अंगणात आमचे काम सुरू झाले. खाली दुकानातली रिकामी पुठ्ठ्याची खोकी, वर मी. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, हात बाजूला आपटायचे आणि पूर्ण पाठ एकदम टेकवायची. घाबरलेला माणूस हवेत आखडतो आणि आखडलेले हाड मोडते, हे मास्टर तिला पुन्हा पुन्हा सांगायचे. दामिनी पडायची, उठायची, पुन्हा ओट्यावर चढायची. तिची पाठ काळीनिळी झाली, पण तिने एकदाही उद्या करू असे म्हटले नाही. प्रत्येक धप् आवाजाला आत दुकानात तुळजाबाईंचा तराजूवरचा हात थांबायचा. बाहेर येऊन मात्र त्यांनी कधी पाहिले नाही.

आता ऐका, घोटाळा कसा झाला तो. उडीच्या आदल्या दिवशी दामिनी वांकिडीच्या बाजारात दुसरे चित्रीकरण करायला गेली होती. अंगणात मी एकटीच वाळत पडले होते. तुळजाबाई बाहेर आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. त्यांनी माझी खोळ चाचपली, ढिलाईत हात घातला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. उद्या सारा गाव, परगावची माणसे, कॅमेरा, आणि त्यांच्यासमोर आपली लेक या पोतेऱ्यावर पडणार? त्यांनी पिंजाऱ्याला बोलावले. आता त्याच्याकडे टेम्पोवरचे यंत्र आहे. त्यांनी माझी जुनी रुई पिंजून घेतली, त्यात दोन पोती नवी रुई ठासली, नवी खोळ चढवली आणि शेवटची मूठ स्वतःच्या हाताने घातली. लेकीला हो म्हणायची त्यांची ती रीत होती. मी पुन्हा लग्नातल्यासारखी टणक झाले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण गादीला तोंड असते ते शिवण्यापुरतेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बांधूनच जिनिंगच्या आवारात पाठवले. तिथे कामगारांनी मला खोक्यांवर टाकले आणि वर मातीच्या रंगाचे कापड पसरले. आतली नवी खोळ कुणाला दिसलीच नाही.

आधी अर्ध्या उंचीवरून तालीम होती. दामिनी लॉरीच्या पायरीवर चढली, श्वास सोडला आणि नेहमीसारखी पडली. मी तिला झेलले नाही, मित्रांनो. मी तिला फेकून दिले. ती उसळली, कडेला गेली आणि खांद्यावर जमिनीला आदळली.

मास्टरांनी तिचा खांदा हलवून पाहिला. हाड शाबूत होते. ते शांतपणे म्हणाले, "हवेत आखडली तुमी. भीती सगळ्याईले वाटते, त्यात लाज नाई. पण आता उडी हर्षदीप मारन."

हर्षदीप टोप घालायला लागला. लॉरीवाल्याला संध्याकाळच्या आत लॉरी हवी होती आणि ऊन कलू लागले होते, म्हणून रंजीतालाही थांबता येत नव्हते. दामिनी माझ्याशेजारी मातीत बसून राहिली. खांद्यापेक्षा तिला ते आखडली म्हटलेले लागले होते, कारण आपण आखडलो नाही हे तिला पक्के माहीत होते. तिने सवयीने माझ्यावर हात टेकला. बोट रुतले नाही. तिने पुन्हा दाबले, मग कापड वर केले आणि नवी खोळ पाहिली. तिने मान वळवली. बायकांच्या घोळक्यात तुळजाबाई उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, तू भरली हिले?"

"पोरीची गादी रिकामी कशी धाडू वं? लोकं दाबून पायतीन."

दुसरी एखादी चिडली असती, रडली असती. दामिनी उठली, आईसमोर जाऊन उभी राहिली आणि आवाज न चढवता बोलली. "तुह्या बाबानं तुले निजासाठी गादी देली होती. मले पडासाठी पायजे. टाके उसव."

बायकांमध्ये कुजबुज झाली. भरलेल्या गादीतून काढायचे, तेही मुलीच्या, तेही आईच्या हाताने? एका म्हातारीने तर तुळजाबाईंचा हात धरला. दामिनी नुसती आईकडे बघत राहिली. तुळजाबाईंनी ती नजर ओळखली असावी. आयुष्यभर त्यांनी ती दुसऱ्यांवर टाकली होती, त्यांच्यावर कुणी टाकली नव्हती. त्यांनी म्हातारीचा हात सोडवला, कपडेपटातल्या शिंप्याकडून कात्री मागून घेतली आणि माझ्याजवळ मांडी घालून बसल्या.

त्यांनी एकेक करून टाके कापले. ओंजळी भरभरून रुई बाहेर निघाली आणि आवारातल्या वाऱ्याने उडू लागली. मला हलके हलके वाटत गेले. उरलेली रुई त्यांनी बोटांनी मोकळी केली, तोंड शिवले आणि मास्टरांना विचारले की आता पुरे का. मास्टर मूठ दाबायला वाकले, तोवर तुळजाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खोचला, माझ्याकडे पाठ केली आणि सगळ्या गावासमोर धाडकन माझ्यावर पडल्या.

किती वर्षांनी ती पाठ माझ्यावर आली! मी तिला अलगद आत घेतले. भगवंतराव धावत आले. तुळजाबाई आभाळाकडे बघत तशाच क्षणभर पडून राहिल्या, मग म्हणाल्या, "आता ठीक हाये. चढ वर."

मास्टरांनी खाली मान घातली आणि हर्षदीपला टोप काढायला सांगितले.

दामिनीने आधी अर्ध्या उंचीवरून उडी मारून दाखवली आणि मग ती लॉरीच्या माथ्यावर चढली. तिथे तिची मारामारी झाली. ती तिघांशी लढली, दमली, तिचे केस सुटले, आणि चौथ्याच्या धक्क्याने ती मागे गेली. ती येताना मला दिसत होती. हनुवटी छातीला, हात पसरलेले, अंग सैल. ती माझ्यात पूर्ण रुतली आणि खालची खोकी चुरगळली. मग ती पडूनच राहिली. उठायला तिने जितका वेळ घेतला, तितका वेळ आवारात कुणी श्वास घेतला नसेल. दुखऱ्या खांद्याला हात लावत ती उठली आणि समोरच्या गुंडांकडे नुसती बघू लागली. गुंड मागे सरले. मास्टर मला नंतर थोपटत म्हणाले की त्यांतला एक जण खरोखरच घाबरला होता.

पुढे शाळेच्या पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवला. बायकांना बसायला मला पुढे अंथरले होते, म्हणून मलाही बघता आला. मी स्वतःला शोधत होते. दामिनी लॉरीवरून निघाली, हवेत आली, आणि पुढच्याच क्षणी ती जमिनीवर होती. मी कुठेच नव्हते. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण दामिनी पडद्यावर उभी राहून बघू लागली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, अरे, ही तर दुकानातली तुळजाबाई. सारे पटांगण हसले. माझ्यावर बसलेल्या तुळजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराने तोंड झाकले आणि माझी कड घट्ट धरून ठेवली.

मध्यंतरी मी पुन्हा माळ्यावर गेले होते. उंदराचा पराक्रम तेव्हाचाच. पण आता गावातल्या मुली पडायला शिकायला येतात. रोज सकाळी तुळजाबाई मला स्वतः अंगणात आणून अंथरतात, आणि कुणाची आई माझ्याकडे बघून नाक मुरडू लागली, तर तिच्याकडे नुसत्या बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. तिला ऊन दाखवा, दरवर्षी पिंजून घ्या, उंदरांपासून जपा. पण आपल्या लेकीसाठी गादी भरताना हात थोडा आखडता घ्या. पडणाऱ्याला रुतायला जागा लागते.